हेर मेला ती दुपार
सुकेळीसाठी उन्हात घातलेल्या केळ्यांचा गोड वास आला, की मला गिरीज गावातली मामांची पडवी आठवते. स्वातंत्र्य येऊन पाच-सहा वर्षं झाली असतील. डोळे अधू झालेले मामा नुसत्या बनियनवर बसून आपल्या गाजलेल्या हेराच्या कादंबऱ्या तोंडी सांगत आणि मी लिहून घेत असे. हेर परदेशी हॉटेलांत उतरायचा, उंची मद्य प्यायचा. मामांचं जग मात्र पेजेची वाटी आणि विहिरीवरच्या रहाटाची कुरकुर एवढंच. मी एकोणीस वर्षांची होते. मुंबईच्या इस्पितळातून नर्सिंगसाठी बोलावणं आलं होतं, पण "एवढी एक होऊ दे, मग जा," म्हणता म्हणता चौथी कादंबरी संपत आली. ज्यांनी लहानाचं मोठं केलं, त्यांना नाही कसं म्हणायचं? शेवटी एका दुपारी मामांनी सांगितलेलं अखेरचं पान मी फाडलं आणि नव्या पानावर माझ्या मनाने हेराला गोळी घालून बाड प्रकाशकाकडे धाडलं. चार दिवसांत प्रकाशक टांग्याने वाडीत हजर. "मास्तर, त्याला मारलंत? पान बदलून द्या!" मामा माझ्या दिशेला वळले. मग म्हणाले, "मीच मारला. आता तो उठायचा नाही." प्रकाशक गेल्यावर त्यांनी एवढंच विचारलं, "तुला कधी हजर व्हायचंय?" मी जन्मभर रुग्णसेवा केली, पण त्यानंतरच्या दुपारी मामांनी कशा काढल्या, हे विचारायचं धाडस मला कधीच झालं नाही.