चावलेल्या मेणबत्त्या

"अहो, घरात उंदीर शिरलाय. खिडकीत निवत ठेवलेल्या तुमच्या मेणबत्त्या कुरतडल्यात त्याने."

कवळीवाल्यांनी वर्तमानपत्रातून डोकं वर काढलं नाही. बायकोने एक मेणबत्ती उलटी करून उजेडात धरली, बुडाशी उमटलेल्या खुणा नीट पाहिल्या आणि तिचा आवाज बदलला.

"उंदराचे दात इतके सरळ नसतात. या घरात इतके सरळ दात एकाच माणसाचे आहेत, आणि तेही झोपताना पेल्यात असतात."

"तपासत होतो," कवळीवाले म्हणाले.

"मेणबत्ती? चावून?"

"मग काय, तिलाच विचारून?"

गल्लीत त्यांना सगळे कवळीवालेच म्हणत. खरं नाव होतं, पण ते विजेच्या बिलापुरतं. उभी हयात त्यांनी एका दवाखान्याच्या मागच्या खोलीत लोकांच्या कवळ्या बनवण्यात घालवली होती. त्यांच्या तोंडातली कवळीही त्यांच्याच हातची, आणि ती दिसावी म्हणून ते गरजेपेक्षा जास्त हसतात, असं बायकोचं मत होतं.

कवळी आधी मेणाची होते. मेणाची हिरडी घडवायची, तिच्यात एकेक दात रोवायचा, माणसाच्या तोंडात बसवून त्याला चावायला सांगायचं, पुन्हा कोरायचं. मनासारखं जमलं की सगळं प्लास्टरमध्ये गाडायचं, गरम पाण्याने आतलं मेण वितळवून काढायचं आणि त्या पोकळीत पक्की हिरडी भरायची. म्हणजे सगळी कारागिरी मेणात, आणि मेण मोरीत. पुढे त्या खोलीत कवळ्या करणारं यंत्र आलं, आणि कवळीवाले आपल्या सुऱ्या-चमचे रुमालात गुंडाळून घरी आले. तेव्हापासून हातांना काम नव्हतं. ते बसल्या बसल्या पावाच्या गराचे दात करत आणि बायको ते उचलून कचऱ्यात टाकी.

अशात त्यांच्या धाकट्या बहिणीने खानावळ काढायचं ठरवलं. केस पिकले तरी घरात तिला चिमीच म्हणत. इतकी वर्षं ती दुसऱ्यांच्या भटारखान्यात राबली होती. आता स्वतःची जागा, मोजकीच टेबलं, आणि प्रत्येक टेबलावर एक मेणबत्ती, असं तिच्या मनात होतं. धूर नको, वास नको, टेबलक्लॉथवर ओघळ नको.

"विकतच्या आणते," ती म्हणाली होती.

"विकतच्या? का, मी मेलोय का? हातचा मळ आहे माझ्या."

चिमी हसली नाही. "दादा, तुझ्या हातचं मेण आजवर कुणी पाहिलंच नाही रे. या वेळी दिसू दे."

हे वाक्य कवळीवाल्यांच्या काळजात जाऊन बसलं. फुशारकी तर मारून झाली होती. आता तोंडावर पडलो, तर हात खरंच संपले असं स्वतःशीच कबूल करावं लागणार होतं.

पहिल्या खेपेला त्यांनी बाजारातल्या पांढऱ्या पॅराफिनमध्ये आपल्या पेटीतलं उरलेलं कडक गुलाबी मेण मिसळलं. मेणबत्ती हिरडीच्या रंगाची, गुळगुळीत आणि शिपायासारखी ताठ झाली. पेटवल्यावर ज्योतीने मधोमध एक अरुंद विहीर खणली आणि ती त्याच विहिरीत बुडून मेली. कडेचं मेण वितळायला तयारच नव्हतं.

दुसऱ्या खेपेला त्यांनी मधमाश्यांचं मेण सढळ हाताने घातलं. ज्योत सोन्यासारखी लागली. चिमी नमुना बघायला आली आणि दारातच थबकली.

"दादा, वास छान आहे, पण मी मासे वाढणार आहे. लोक म्हणतील, बाईने माशाला मध चोपडलाय."

मग सोयाबीनचं मेण. मऊ, गरीब स्वभावाचं, वास नाही, धूर नाही. कवळीवाले खूश होऊन बाहेर चक्कर मारून आले, तर शेगडीजवळची मेणबत्ती कंबरेत वाकलेली.

"हिचीही कंबर गेली," बायको म्हणाली. "तुमचीच ती. तुमच्यावरच गेलीय."

कवळीवाल्यांनी रागाने तिन्ही मेणांची एकेक कांडी पुढ्यात ओढली आणि जुन्या सवयीने चावून पाहिली. खोलीत नवीन मेण आलं की ते हेच करत. पॅराफिनचा टवका उडाला. मधमाश्यांचं मेण दातांना चिकटलं आणि कवळी सोडवायला वेळ लागला. सोयाबीनच्या मेणात दात लोण्यात बुडावेत तसे बुडाले. एकाचा नुसता ताठा, एकीची नुसती माया, एकाला कणाच नाही. ते स्वतःशीच हसले. अशीच माणसं दवाखान्यात शेजारी शेजारी बसलेली त्यांनी पाहिली होती.

त्यांनी बायकोचं दुधाचं पातेलं पळवलं. त्यात मेण, खाली मोठ्या भांड्यात उकळतं पाणी, म्हणजे विस्तवाची धग थेट लागायला नको. कण्यासाठी पॅराफिन जास्त, ज्योतीभोवती तळं नीट पसरावं म्हणून सोयाबीनचं, आणि दोघांची जोडी तुटू नये इतपतच मधमाश्यांचं. वातही जाड घेतली. मिश्रण थोडं बदलायचं, ओतायचं, खिडकीत ठेवून निवलं की बुडाशी चावायचं. बायकोला उंदराचा संशय आला तो याच वेळी. पण नुसतं चावून भागणार नव्हतं. चिमीचं एक टेबल भटारखान्याच्या दाराला चिकटून होतं, आणि तिथे चांगलीच धग होती. कवळीसाठीचं मेण ते तोंडात धरून बघत, कारण तोंडाच्या उबेत जे वाकतं ते कामाचं नाही. तसंच आता कांडी दातांत धरून ते बसून राहिले.

फोन वाजला. चिमीचा.

"दादा, जमलं का?"

"हं."

"जमलं की नाही ते सांग ना. उद्या माणसं येणार आहेत. विकतच्या आणू का?"

"अंहं, अंहं," ते कळवळून म्हणाले.

बायकोने फोन हातातून काढून घेतला. "त्यांची दातखीळ बसलीय ग. मेण खातायत. तू काही आणू नकोस."

तिने तसं सांगितलं म्हणून कवळीवाल्यांनी तिच्याकडे पाहिलं. ती पातेलं घासत होती आणि वळून बघत नव्हती. कांडी त्यांनी तोंडातून काढली. तिच्यावर दातांचा ठसा कोरल्यासारखा उमटला होता, आणि ती सरळ होती.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी खानावळीत दिवे मंद केले आणि टेबलांवर मेणबत्त्या लागल्या. कवळीवाले कोपऱ्यात बायकोबरोबर बसले होते, पण नजर दाराजवळच्या टेबलावर खिळलेली. आत मासे तळले जात होते, धग बाहेर येत होती. त्यात एक मेणबत्ती कमी पडल्यामुळे तिथे नेमकी चाचणीतली, बुडाशी चावलेली लावावी लागली होती.

"जेवा की," बायको म्हणाली. "ती काही पळून जात नाही."

"वाकेल."

"वाकली तर मी धरून उभी राहते. जेवा."

पण ती वाकली नाही. ज्योतीभोवती मेणाचं गोल, स्वच्छ तळं झालं, आणि टेबलक्लॉथवर एक थेंब आला नाही. त्या टेबलावर एक जाडजूड गृहस्थ बसले होते. पदार्थांचा फलक दिसेना म्हणून त्यांनी मेणबत्ती तबकडीतून उचलून वर धरली आणि तिच्या बुडाकडेच बघत राहिले.

"बाई," ते चिमीला म्हणाले, "ही कुणीतरी थोडी खाल्लीय."

चिमीचा चेहरा उतरला. सगळी टेबलं वळून बघू लागली. कवळीवाले उठून उभे राहिले.

"मी," ते म्हणाले. "चव बघत होतो."

गृहस्थांनी ठसा निरखला, मग त्यांचं तोंड. "दात मात्र फार देखणे आहेत हो."

"तेही मीच केलेत."

आधी बायको हसली, मग सगळी खानावळ. कवळीवाल्यांनी आपली बत्तीशी पुरेपूर दाखवली आणि या वेळी बायकोनेही हरकत घेतली नाही.

गर्दी ओसरल्यावर चिमी त्यांच्यासमोर बसली. ती मेणबत्ती अजून जळतच होती, बोटभर उरलेली, सरळ.

"दादा, सगळ्या मेणबत्त्यांना करून दे ती खूण. लोक उचलून उचलून बघत होते. खानावळीचा शिक्का होईल." मग ती थोडी थांबली. "धुतलेली होती ना?"

"साबणाने."

"मग ठीक."

"आणि मला काय मिळणार?"

चिमीने माशाची ताटली त्यांच्यापुढे सरकवली. "चावायला हे घे. मेणाने पोट भरत नाही."

कवळीवाल्यांनी घास घेतला, पण डोळे ज्योतीवरच होते. मेण जात होतं, नेहमीसारखंच. पण सगळ्यांच्या देखत.