करोल बागेतली शाल

शहाजीराव जगदाळे पहिल्यांदा माझ्या दारात आले, तेव्हा मी बसा म्हणाले आणि ते बसले नाहीत. वीस मिनिटं उभ्यानंच बोलले. पाठ ताठ, हात विजारीच्या शिवणीला टेकलेले. लष्करातले निवृत्त हवालदार, वय साठीला टेकलेलं. खटाव तालुक्यातल्या आपल्या गावाहून ते आणि त्यांच्या पत्नी भीमाबाई पंधरा दिवसांसाठी मुलाकडे फरीदाबादला आले होते. मुलगा धैर्यशील आमच्याच इमारतीत वरच्या मजल्यावर राहतो आणि रोज मेट्रोनं दिल्लीला केंद्र सरकारच्या कचेरीत जातो.

"बाई, तुमी नाटकात होता म्हणं," शहाजीराव म्हणाले.

"चाळीस वर्षं."

"मग एक इचारू? नक्कल पाठ न्हाय आन् पडदा तर वर गेला, तर माणसानं काय करायचं?"

नटाच्या वाट्याची भाषणं उतरवून देतात त्या कागदाला आमच्यात नक्कल म्हणतात. हा शब्द फौजी माणसाच्या तोंडी ऐकून मला सांगलीच्या आमच्या कंपनीचं बिऱ्हाड आठवलं, तिथली रॉकेलच्या बत्तीखाली चाललेली घोकंपट्टी आठवली. मी म्हटलं, "आधी प्रसंग काय आहे ते तर सांगा."

प्रसंग असा होता. तीस-एकतीस वर्षांपूर्वी शहाजीरावांच्या पलटणीची तुकडी सव्वीस जानेवारीच्या संचलनाला दिल्लीत आली होती. सगळ्या गावातून तोवर दिल्लीला गेलेला हा एकच माणूस. सुट्टीवर घरी गेले तेव्हा ओसरीवर माणूस मावेना. लाल किल्ला कसा आहे, बाजार केवढा आहे, पुढारी जवळून दिसतात का? आणि या गृहस्थांनी तर दिल्ली पाहिलीच नव्हती! दोन महिने पहाटे तीनला उठून सराव, मग छावणीत पितळ घासणं, मग झोप. शहरात जायची परवानगी सत्तावीस तारखेला मिळायची होती. त्या दिवशी यांना पहारा लागला आणि संध्याकाळी गाडी सुटली.

"पर तोंडाकडं बघत बसल्याली माणसं, बाई. न्हाय कसं म्हणायचं? सांगत गेलो."

नव्या नवरीसाठी त्यांनी डाळिंबी रंगाची शाल आणली होती, काठाला पांढऱ्या कोयऱ्या. ती घेतली झाशीच्या फलाटावरच्या फेरीवाल्याकडून, गाडीच्या खिडकीतून हात बाहेर काढून. पण भीमाबाईंना सांगितलं करोल बागेतून आणली. एवढंच सांगून थांबले असते तर निभावलं असतं. पण गोष्टीला एक सरदारजी दुकानदार फुटला. मग त्या सरदारजीला पांढरी दाढी आली. मग त्यानं संचलनातला जवान म्हणून शहाजीरावांना गादीवर बसवलं, बदामाचं गरम दूध पाजलं आणि म्हणाला, वहिनीला सांग, दिल्लीत तुझा एक भाऊ आहे.

"आता ती गोष्ट माझी ऱ्हायली न्हाय," ते म्हणाले. "गावाची झाली. आन् परवा आमच्या मंडळी काय म्हणत्यात, पोरीच्या, भक्तीच्या लग्नाला तसलीच शाल त्याच दुकानातनं घ्यायची. सरदारजीसाठी साताऱ्याचं कंदी पेढं आणल्यात, अर्धा किलो. धैर्यशीलला हापिस. तो म्हणतो, बाबास्नी सगळी दिल्ली ठावं हाय, बाबा नेतील. बाई, एक डाव माझा शब्द खोटा पडला, तर ती मागचं एकबी खरं धरायची न्हाय. मी कारगिलात होतो, त्येबी."

हे शेवटचं वाक्य म्हणताना त्यांची पाठ पहिल्यांदा वाकली.

आता मी काय करावं? शहाण्या बाईनं सांगितलं असतं, जा आणि खरं सांगा. मी म्हटलं, "तालमीला उद्या सकाळी दहाला या."

तीन दिवस तालीम चालली. लाल किल्ला त्यांनी तोंडपाठ केला, मेट्रोची स्टेशनं ओळीनं घोकली. राहता राहिला सरदारजी. करोल बागेत कुलवंतसिंग नावाचे माझे जुने ओळखीचे दुकानदार आहेत, शाली आणि ओढण्या विकतात. इथल्या महाराष्ट्र मंडळाच्या नाटकांना राण्यांचे शेले मी त्यांच्याकडूनच न्यायची. दाढी आयती पांढरी. फोन केला तर आनंदानं ओरडलेच, "बहनजी, डायलॉग बताइए!"

ठरल्या दिवशी, फेब्रुवारीच्या उबदार उन्हात आम्ही तिघं निघालो. भीमाबाई ठेंगण्या, चपळ, नऊवारी नेसलेल्या. पेढ्यांची पिशवी त्यांनी पोटाशी धरली होती आणि जुनी डाळिंबी शाल अंगावर घेतली होती, दुकानदाराला दाखवायला. मला त्या पहिल्या दिवसापासून आक्का म्हणायच्या.

गाडी बदरपूर ओलांडून पुढे जमिनीखाली शिरली, तशा त्या नवऱ्याला म्हणाल्या, "आवं, बिळातनं न्येताय, मग दिल्ली दिसायची कशी?"

"दिसंल. वर निघालो की दिसंल."

लाल किल्ल्यात शहाजीराव उभे राहिले आणि सुटलेच. मी त्यांना सांगितलं होतं, सहज बोला, चालता चालता बोला. पण त्यांना बोलण्याचा एकच आवाज ठाऊक होता, कवायतीच्या मैदानावरचा. "हा दिवाण-ए-आम! इथं बादशा रयतेची गाऱ्हाणी ऐकत!" पहिल्या पाच मिनिटांत दोन अनोळखी कुटुंबं आमच्या मागोमाग चालू लागली. तिथून पुढे त्यांचं भाषण अडलं. मी मागून छत्रीची मूठ दोनदा फरशीवर आपटली. ही आमची ठरलेली खूण, म्हणजे पुढचं वाक्य संगमरवराचं. त्यांनी ओळखलं, सुटले. एका बाईनं विचारलं, "अंकल, रंगमहल किधर है?" त्यांनी संपूर्ण हात लांबवून दिशा दाखवली आणि बाई विश्वासानं स्वच्छतागृहाकडे चालू लागल्या.

भीमाबाई कौतुकानं बघत होत्या. "एवढं ध्यानात ठेवलंय, आन् घरात मिठाचा डबा कंचा, त्ये ठावं न्हाय," त्या मला म्हणाल्या. टोमणाच तो, पण अभिमानानं मारलेला.

छोले-कुलचे खाऊन आम्ही करोल बागेत पोहोचलो. दुकानांची गर्दी, रिक्षांचे कर्णे, फुटपाथवर मांडलेले कानातल्यांचे ढीग. भीमाबाईंनी कशाकडे ढुंकून पाहिलं नाही. "आधी सरदारजी," म्हणाल्या.

कुलवंतसिंगांनी प्रवेश असा घेतला, की मी विंगेत असते तर टाळी दिली असती. गल्ल्यामागून उठले, दोन्ही हात पसरले. "ओ फौजी साब! इतने साल लगा दिए?" शहाजीरावांना त्यांनी मिठीत घेतलं, गादीवर बसवलं, बदामाचं दूध मागवलं. भीमाबाईंनी पुढे केलेल्या शालीच्या कोयऱ्यांवरून बोट फिरवून म्हणाले, "ये तो मेरे ही हाथ का माल है।" वाक्य माझं नव्हतं, पदरचं घातलेलं, पण काय तोललं होतं!

भीमाबाईंनी पेढ्यांचा पुडा दोन्ही हातांनी त्यांच्यापुढे ठेवला. त्यांना हिंदी बोलता येत नाही, त्या मराठीतच बोलल्या.

"भाऊ, ह्या शालीत मी माझा धैर्यशील गुंडाळला. थंडीत जन्मला, सातव्या महिन्याचा. सुईण म्हणाली, वाचंल असं वाटत न्हाय. ह्या शालीच्या उबंला वाचला. आक्का, सांगा त्यास्नी."

मी सांगितलं. कुलवंतसिंगांनी मान डोलावली. अजून ते भूमिकेत होते.

"आन् मला सख्खा भाऊ न्हाय. राखीपुनवंला मी दर साली एक राखी देवापाशी ठेवते. ती तुमची." त्यांनी कमरेचा बटवा उघडला. त्यातून लाल रेशमाचा एक धागा निघाला, थोडा विटलेला. "ही मागल्या श्रावणातली. हात करा पुढं."

हेही मी हिंदीत सांगितलं. कुलवंतसिंगांनी माझ्याकडे पाहिलं. रंगमंचावर भाषण विसरलेला नट प्रॉम्प्टरकडे बघतो ना, अगदी तसं. माझ्याकडे त्यांना द्यायला एकही शब्द नव्हता. छत्री हातात होती, ती आपटून काय होणार? हळूच त्यांनी उजवा हात पुढे केला. कडं वर सरकवलं. भीमाबाईंनी धागा बांधला, दोन गाठी मारल्या, आणि खाली वाकल्या. नमस्कार करू देण्याआधी कुलवंतसिंगांनी या ठेंगण्या बाईचे दोन्ही हात धरले.

मी वळून पाहिलं, तर गादीवर दुधाचा पेला तसाच होता आणि शहाजीराव रस्त्यावर जाऊन उभे होते.

शाल घेतलीच नाही. "उशीर होतोय, फिरून येऊ," एवढंच म्हणाले आणि चालू लागले. भीमाबाई चिडल्या. "आवं, शालीसाठी आलो न्हवं आपण?" परत जायला मेट्रो बदलायची होती. सेंट्रल सेक्रेटेरिएटला उतरल्यावर ते मला म्हणाले, "बाई, जरा वर जाऊ. राजपथावर."

आता त्याला कर्तव्यपथ म्हणतात. संचलन होऊन थोडेच दिवस झालेले, प्रेक्षकांच्या मांडवांचे पाइप आणि फळ्या सोडवून कामगार ट्रकमध्ये भरत होते. इंडिया गेटच्या बाजूनं मुलांचे आवाज येत होते. शहाजीराव त्या रुंद रस्त्याच्या कडेला थांबले. त्यांच्या नकलेत हा प्रवेश नव्हता.

"भीमा," ते म्हणाले, "त्यो सरदार खोटा हाय."

मग त्यांनी सगळं सांगितलं. एका जागी उभं राहून, हात शिवणीला टेकवून. झाशी सांगितली, फेरीवाला सांगितला, पहारा सांगितला. माझं नाव मात्र त्यांनी घेतलं नाही. ते मलाच सांगावं लागलं. म्हटलं, "भीमाबाई, आजचं नाटक मी बसवलं होतं."

त्यांनी अंगावरच्या शालीकडे पाहिलं. फळ्या ट्रकमध्ये पडल्याचे आवाज तेवढे येत होते. मला वाटलं, संपलं. या माणसाचं कारगिलसुद्धा आता गेलं.

"म्हंजी तुमी दिल्ली बघितलीच न्हाय?"

"न्हाय."

"दोन महिने हितं होता. मग काय बघितलं काय?"

शहाजीराव समोर बघत राहिले. "खंडेरावची मान."

"कुणाची?"

"खंडेराव भोसल्याची. माझ्या म्होरं असायचा. नजर समोर ठेवायची, इकडं-तिकडं हलवायची न्हाय. पहाटं धुकं असं, की खंडेरावाच्या म्होरला माणूस दिसायचा न्हाय. बंदुकीचं लोखंड बोटाला डसायचं. त्याच्या मानंवर डाव्या बाजूला तीळ होता. त्यो तीळ बघत मी हितनं थेट लाल किल्ल्यापत्तुर चालत गेलोय. मधी एकदा हुकूम येतो, दाहिने देख. तवा मान उजवीकडं. राष्ट्रपती दिसले का म्हणशील, तर डोळ्यात थंडीचं पाणी. म्होरं घोडदळाची लीद पडल्याली, तिच्यावर पाय पडला तर रांग मोडती, म्हणून सरळ त्यातनंच जायचं. सव्वीस तारखेला बुटाला वास मारत होता आन् लोकं टाळ्या वाजवत होती."

भीमाबाईंच्या ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी हललं.

"आन् हे तीस वर्षांत कवा सांगितलं न्हाय."

"ह्येच्यात सांगण्यासारखं काय हाय?"

"त्या दुधाचा पेला मला शंभरदा पाजलात! खंडेरावचा तीळ एकदाबी दावला न्हाय!" मग त्यांचा आवाज उतरला. "मी त्या सरदाराची वळख सगळ्या गावाला सांगितली. आन् आज राखी बांधून आले. कुणाला बांधली मी, आक्का?"

"कुलवंतसिंगांना. माझ्या ओळखीचे आहेत."

"माणूस कसा हाय?"

"चांगला आहे."

त्यांनी शालीचं टोक बोटाभोवती गुंडाळलं, सोडलं. "मग ऱ्हाऊ दे. पर पेढ्याचं मला वाईट वाटलं असतं, त्यो लबाड असता तर." आणि नवऱ्याकडे वळून म्हणाल्या, "उजवीकडं बघितलं न्हवं तुमी? चला, आता डावीकडं बघा. मी हाय सोबत."

दोघं गेटच्या दिशेनं चालू लागले. मी मुद्दाम मागं राहिले. शहाजीरावांचं पाऊल आपोआप लयीत पडत होतं आणि भीमाबाई त्यांना दर दहा पावलांवर थांबवून काहीतरी बोटानं दाखवत होत्या. पाण्याचा हौद, आइस्क्रीमची गाडी, गवतावर झोपलेलं कुत्रं. ते प्रत्येक वेळी मान वळवून नीट बघत होते.

परतीच्या मेट्रोत माझा फोन वाजला. कुलवंतसिंग. नेहमीचा आवाज नव्हता. "बहनजी, ये राखी उतार दूं, या रहने दूं?"

मी भीमाबाईंना विचारलं. त्यांनी फोन माझ्या हातातून घेतला आणि डब्यातले सगळे वळून बघतील एवढ्या मोठ्यानं म्हणाल्या, "भाऊ, श्रावणात दुसरी धाडते! पेढं उन्हात ठेवू नका!"

फोन मला देऊन त्या नवऱ्याशेजारी जरा सरकून बसल्या. शहाजीराव अजून थोडे भ्यालेलेच होते.

"परवा गावाकडं जायची आपली गाडी झाशीवरनं जाती न्हवं?" भीमाबाईंनी विचारलं.

"व्हय. रातच्याला."

"थांबती किती?"

"आठ-दहा मिनटं."

"मग भक्तीची शाल तितंच बघू. मिळाली तर मिळाली," भीमाबाई म्हणाल्या. "पर या खेपंला खाली उतरायचं. खिडकीतनं हात काढून न्हाय."