मडमेची पेनल्टी

शहाद्याच्या शाळेत आम्ही वरच्या वर्गांतल्या मुली तेरा होतो. फुटबॉलच्या संघाला अकरा लागतात. तेरांतल्या एकीचा साखरपुडा झाला होता आणि एकीला उन्हात घेरी येत असे. त्यामुळे निवड अशी झालीच नाही. उरल्या त्या सगळ्या संघात.

ही पन्नासच्या दशकाच्या अखेरची गोष्ट. आमचा भाग तेव्हा पश्चिम खानदेशात मोडायचा. फौजेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ आमच्या शाळेत ड्रिलचे मास्तर म्हणून आले. मुलींसाठीही काहीतरी खेळ सुरू करा, असं हेडमास्तरांनी त्यांना सांगितलं. मास्तरांना फुटबॉल सोडून दुसरा खेळ येत नव्हता.

पहिल्या दिवशी त्यांनी आम्हाला रांगेत उभं केलं आणि एकेकीकडे बॉल जोरात फेकला. बाकीच्या दहा जणी बाजूला झाल्या, आणि ते शहाणपणाचंच होतं. मी मात्र बॉल झेलला.

"कुठे शिकलीस?" मास्तरांनी विचारलं.

"नदीत," मी म्हणाले.

ते खरं होतं. आमचं गाव तापीच्या काठी. शेतात कापूस आणि उन्हाळ्यात नदीच्या वाळूत टरबुजं. गाडी भरताना माणसं रांगेनं उभी राहत आणि टरबूज एकाच्या हातातून दुसऱ्याच्या हातात उडत जाई. आठव्या वर्षापासून मी त्या रांगेत होते. टरबूज पडलं की फुटतं, आणि फुटलं की सगळ्यांच्या देखत बोलणी खावी लागतात. त्यामानानं बॉल म्हणजे काहीच नव्हता. मास्तरांनी मला दोन बांबूंच्या मध्ये उभं केलं आणि सांगितलं, "इथून हलायचं नाही." माझ्या खेळातलं शिक्षण ते एवढंच.

शाळेसाठी मी शहाद्यात फुईकडे, म्हणजे वडिलांच्या बहिणीकडे, राहत होते. तिला चार दिवसांत बातमी लागली.

"पोरीस्नी बॉलना मांगे पयनं का?" तिनं भाकरी थापता थापता विचारलं.

"मी पयस नही, फुई. मी नुस्ती उभी ऱ्हास."

तिनं विचार केला. उभं राहण्यात तिला काही गैर दिसेना. "मंग ठीक शे," ती म्हणाली आणि भाकरी तव्यावर टाकली. पळणाऱ्या दहा जणींच्या घरी काय झालं ते मला नंतर कळलं. दोघींना मार बसला. त्या दुसऱ्या दिवशी पुन्हा आल्या.

आम्ही परकर खोचून खेळायचो. वर्षभर आमच्याशी खेळायला कोणी नव्हतं, कारण मुलींचा दुसरा संघ आसपास कुठेच नव्हता. आम्ही आपसांतच खेळायचो. पाच विरुद्ध पाच, आणि मी दोन्हीकडून गोलकीपर. हाफटाइमला बाजू बदलत असत, मी तिथंच राहत असे.

मग मास्तरांनी नंदुरबारहून बातमी आणली. तिथं परदेशी लोकांचा एक दवाखाना होता. त्यातल्या नर्सबाई संध्याकाळी आवारात बॉल खेळतात, असं त्यांनी कुणाकडून तरी ऐकलं. त्यांनी चिठ्ठी पाठवली आणि होकार आला.

थंडीचे दिवस होते. आम्ही सकाळच्या एसटीनं निघालो. गाडीत मास्तर उभे राहून म्हणाले, "समोरच्या संघात सहा जणी परदेशी आहेत. म्हणजे हा आंतरराष्ट्रीय सामना आहे. कुणी मागे राहायचं नाही." मागच्या बाकावर बसलेला एक म्हातारा घाबरून पुढे सरकला.

दवाखान्याच्या संघात दोन गोऱ्या नर्स, डॉक्टरांची बायको आणि सुट्टीला आलेल्या त्यांच्या तीन मुली होत्या. बाकीच्या पाच जणी सातपुड्यातल्या, नर्सिंग शिकायला आलेल्या. त्या आपसांत भिली बोलत, आम्ही अहिराणी आणि गोऱ्या त्यांचं काहीतरी. सामना सुरू व्हायच्या आधी सगळ्या एकमेकींकडे बघून हसलो. त्याला भाषा लागली नाही.

सुरुवातीलाच त्यांची सगळ्यात उंच नर्स बॉल घेऊन थेट माझ्याकडे आली. ती धावत होती आणि हसत होती. मला वाटलं, ओळख करून घ्यायला येते आहे. मी दोन्ही हात जोडून नमस्कार केला. बॉल माझ्या कमरेजवळून मागे गेला.

मास्तर मैदानाबाहेरून ओरडले, "नमस्कार नंतर!"

त्यानंतर मी कुणाशी ओळख दाखवली नाही. तीनचार बॉल छातीवर घेतले. आमच्या मुली पुढे जात होत्या, पण गोलजवळ पोचल्यावर आता काय करायचं हे त्यांना ठाऊक नव्हतं. वर्षभर गोलमध्ये मीच असायचे आणि बॉल सरळ माझ्या हातात द्यायची त्यांना सवय होती.

सामना संपत आला तेव्हा आमच्या गोलसमोर आमच्याच एका मुलीच्या तोंडावर बॉल आला आणि तिनं तो हातांनी धरला. कुणीही धरला असता. शिट्टी वाजली. पेनल्टी म्हणजे काय ते मास्तरांनी कधी सांगितलं नव्हतं. सगळ्या बाजूला का झाल्या, ते मला कळेना. समोर फक्त ती उंच नर्स आणि बॉल. या खेपेला ती हसत नव्हती.

मला भीती वाटली. टरबूज फेकणाऱ्याला ते झेललं जावं असं वाटतं. इथं तसं नव्हतं. एवढा मोठा फरक वर्षभर माझ्या लक्षात आला नव्हता.

तिनं बॉल मारला. मी डावीकडे हात टाकला, का ते माहीत नाही. बॉल बोटांना लागून बांबूवर आदळला आणि बाहेर गेला. आमच्या मुली नाचायला लागल्या. मी करंगळीकडे पाहिलं. ती भलत्याच दिशेला बघत होती.

ती उंच नर्सच सगळ्यात आधी धावत आली. मला ओट्यावर बसवून तिनं बोट ताणलं, लाकडाची पट्टी लावली आणि पुस्तकातून शिकलेल्या मराठीत म्हणाली, "कृपया हलवू नका. आपले बोट मोडले आहे. आपण फार उत्तम अडवले."

मला उभ्या जन्मात कुणी 'आपण' म्हटलं नव्हतं. दुखत होतं ते तोवर सहन केलं होतं, पण तिथं मला रडू आलं. तिला वाटलं पट्टी घट्ट झाली. तिनं ती पुन्हा बांधली.

आम्ही एका गोलनं हरलो. दुसऱ्या दिवशी प्रार्थनेनंतर हेडमास्तरांनी जाहीर केलं, "आंतरराष्ट्रीय सामन्यात आपल्या शाळेचा पराभव झाला आहे." सगळ्या शाळेनं टाळ्या वाजवल्या.

बाजाराच्या दिवशी आबा, म्हणजे माझे वडील, फुईकडे आले. त्यांनी बोट पाहिलं आणि विचारलं, "डावं ना?"

"हो."

"मंग कापूस येचता यी," ते म्हणाले आणि चहा प्यायले. पुढे महिन्याभरानं कापडाच्या दुकानात दुकानदार मला म्हणाला, "तूच का ती? तुझे आबा एसटी स्टँडवर सगळ्यांना सांगत होते, मन्ही पोर गोऱ्यास्ना बॉल अडाई वनी." घरी त्यांनी हा विषय कधी काढला नाही. मीही काढला नाही.

मास्तरांची पुढच्या वर्षी बदली झाली. बॉल पंक्चर झाला तो तसाच कपाटात राहिला. नंदुरबारचा परतीचा सामना व्हायचा होता, तो झालाच नाही.

मला बघायला आले तेव्हा आईनं बजावून ठेवलं होतं की बोटाबद्दल विचारलं तर दारात सापडलं म्हणून सांग. मुलाच्या आजीनं पोहे बाजूला ठेवून माझा हात हातात घेतला.

"हाई बोट वाकडं कसं काय शे?"

"बॉल लागना," मी म्हणाले. आईनं डोळे मिटले.

"कोना बॉल?"

"मडमना."

आजीनं बोट उलटंपालटं करून पाहिलं. "मंग, गोल व्हयना का?"

"नही व्हयना."

आजीनं हात सोडला आणि पोहे पुन्हा घेतले. लग्न ठरलं. त्यांचं शेत आमच्या शेताला लागून होतं, खरं कारण ते असावं. पण नवऱ्याकडच्या बायकांत माझी ओळख बरीच वर्षं 'मडमवाली' अशीच होती.

साठ सालानंतर मी शिक्षिकेचा कोर्स केला आणि मला कोरीट गावच्या शाळेत नेमणूक मिळाली. पहिल्याच वर्षी खेळाच्या साहित्याची मागणी लिहायला सांगितली, तेव्हा मी 'फुटबॉल, एक' असं लिहिलं. चार महिन्यांनी खोकं आलं. मुलींना भोवती बसवून मी ते उघडलं. आत लेझिमी होत्या, पंचवीस. मुलींना फार आवडल्या. मला लेझीम येत नव्हती. शेजारच्या गावातल्या एका बाईंकडे जाऊन मी ती आठवड्याभरात शिकले आणि सोमवारी शिकवायला उभी राहिले.