पोती कुणी फेकली

एकोणीसशे बहात्तर साल. मी तेव्हा सव्वीसचा असंन. आईला विचारलं तर अठ्ठावीस सांगायची. धारूरच्या डोंगरातली आमची विहीर तळाला गेलती आन् सगळं गाव दुष्काळी कामावर खडी फोडत होतं. मुकादमाच्या शिव्या खात खडी फोडणं मला जमलं न्हाई. चुलतभावाला संगं घेतलं आन् मुंबईच्या बंदरात बार्जवर खलाशी म्हणून लागलो. तोवर दोघांनी गुडघ्याच्या वर पाणी बघितलं नव्हतं.

मोठी जहाजं खोल पाण्यात थांबायची. त्यातली परदेशातली लाल ज्वारी पोत्यांनी बार्जवर घ्यायची आन् धक्क्याला आणायची. तीच पुढं आमच्या गावच्या रेशनला जायची. बायको सांगून धाडायची, तव्यावर टाकेस्तोवर भाकर फुटती.

बार्ज सगळ्या एका सहकारी संस्थेच्या. वर्षभर नीट काम केलं की आमी दोघं सभासद होणार होतो. सभासदाला कुणी हाकलत न्हाई. मला तेवढंच पाहिजे होतं.

त्या दिवशी धक्क्यावर एकच जागा मोकळी झाली. आमचा तांडेल, म्हणजे बार्ज चालवणारा, आन् संस्थेच्याच दुसऱ्या बार्जचा तांडेल, दोघंबी भरलेल्या बार्ज घेऊन तिच्यासाठी पळायला लागले. भर दुपार, पाणी निवांत. एकमेकांच्या आईबहिणीचा उद्धार चाललेला, वर हसणं. वळायला कुणी तयार न्हाई. त्यांच्या बार्जचं तोंड आमच्या बरगडीत घुसलं. मी आडवा झालो. उठून बघतो तर पत्रा फाटलेला, पाणी आत आन् बार्ज एका अंगाला कललेली.

"ए घाट्या, बघतोस काय? पोती टाक, नायतर बुडशील!" तांडेल ओरडला.

टाकली. गावात बाया रिकामी पोती झटकून दाणे वेचत होत्या आन् मी भरलेली पोती समुद्राला घालत होतो. चुलतभाऊ पोत्याचं दुसरं टोक धरत होता. बार्ज सावरली, कशीबशी धक्क्याला लागली.

संध्याकाळी संस्थेच्या कचेरीत बैठक बसली. चेअरमन एका तांडेलाचा मेव्हणा, दुसऱ्याचा व्याही. टक्कर कशी झाली हे कुणी विचारलंच न्हाई. "पोती कुणी फेकली?" एवढंच.

"तांडेलानं सांगितलं म्हणून फेकली," मी म्हणलो.

"मी? मी तर धर म्हणत होतो, धर! घाटावरचा गडी, पाणी बघून भ्याला."

सगळे हसले. मी चुलतभावाकडं वळलो. "सांग की बे! तुझ्या कानाशीच वरडला न्हाई का?"

त्यानं वर बघितलं न्हाई. "इंजिनाचा लई आवाज होता, दादा. मला न्हाई ऐकू आलं."

"उद्यापासून येऊ नकोस," चेअरमन मला म्हणाला.

चुलतभाऊ पुढं सभासद झाला. आज गावात त्याचं स्लॅबचं घर हाय. येताजाता राम राम घालतो. मी घेत न्हाई.

मला हाकललं त्याच्या दुसऱ्या दिवशी तांबडं फुटायला मी बार्जवर चढलो आन् तांडेलाच्या चाकापाशी घोंगडी टाकून बसलो. तांडेल आला, उतर म्हणाला. उतरलो न्हाई. चेअरमन आला. त्याला म्हणलो, "आधी टक्कर कुणी केली ते विचारा, मग उतरतो." त्यानं विचारलं न्हाई. चाक मी दोन्ही हातांनी धरलं होतं, ते सोडवायला चौघं लागले. मग उचलून मला धक्क्यावर टाकलं, तवा माझे पाय चुलतभावानं धरले होते.