मागे बसलेल्या बाबांची कुजबुज

“मागच्या बाबांना जरा लांब बसवा,” मी हेडफोन काढून म्हणालो. “त्यांची कुजबुज माइकमध्ये येतेय.”

गयाबाई गाता गाता थांबल्या. कोरसमधल्या चौघांनी टाळी थांबवली. बाबा मात्र लगेच उठले. “हो, हो, भाऊ. तुमचं मशीन हाय, तुमालाच कळणार,” असं म्हणत ते पार दारापाशी, चपला काढल्या होत्या तिथं, भिंतीला टेकून बसले. मी पुन्हा हेडफोन लावला. कुजबुज गेली होती. मी स्वतःवर खूश झालो.

हे सगळं लिहायला कारण माझी नात. ती मराठी रॅप ऐकते, स्वतःही थोडंफार करते. परवा म्हणाली, “आजोबा, कॉलेजात नवख्या मुलांना आपल्या मातीतलं रॅप काय आहे ते समजावून सांगायचंय. तुमच्याकडे जुनं काही सापडेल?” मी तिला एक कॅसेट काढून दिली. नवख्यांसाठीच केलेली होती ती. फक्त ती करणारा मी, सगळ्यांत मोठा नवखा होतो.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट आहे. परभणीत स्टेशन रोडला माझं रेकॉर्डिंगचं दुकान होतं. पुढे कॅसेटची विक्री आणि मागे एक खोली. खोलीच्या भिंतींना पोती ठोकलेली, म्हणजे आवाज घुमत नाही. रेकॉर्डिंग चालू असताना पंखा बंद. भजनी मंडळं, बँडवाले, प्रचाराची गाणी, जे येईल ते मी करायचो. मी मूळचा मानवतचा, शेतकऱ्याच्या घरचा. आमच्या गावातही भीमजयंतीला गाण्यांचे मुकाबले व्हायचे. पण ते व्हायचे त्या वस्तीत, आणि आम्ही ऐकायचो ते आमच्या घराच्या माळवदावरून, म्हणजे मातीच्या छपरावरून. तेवढ्यावर मी स्वतःला जाणकार समजायचो.

मुकाबला म्हणजे एका मंचावर दोन पार्ट्या समोरासमोर. एक पार्टी गाण्यातून सवाल टाकते, दुसरीनं तिथल्या तिथं जवाब द्यायचा. समोरच्याच्या शेवटच्या ओळीतला शब्द उचलून गाणं पुढे न्यायचं. अडलात की गेलात. नात म्हणते, “आजोबा, ही तर सरळ बॅटल आहे!” असेल. आमच्याकडे त्यात हार्मोनियम आणि ढोलक होती, आणि हरलेल्या पार्टीलाही लोक जेवू घालायचे.

पुण्याचे सबनीस साहेब एका कॅसेट कंपनीसाठी माल शोधत फिरायचे. त्यांनी गयाबाईंचा एक मुकाबला ऐकला आणि मला म्हणाले, “ज्यांनी हे कधीच ऐकलेलं नाही, त्यांना समजेल अशी कॅसेट करू. स्वच्छ. गर्दीचा आवाज नको.” गयाबाई गंगाखेडच्या. दिवसा ऊस तोडायच्या, जयंतीच्या दिवसांत मंचावर उभ्या राहायच्या. समोरची पार्टी त्यांच्या नुसत्या आलापाला घाबरायची.

तर बाबा दाराशी गेले, आणि तिसऱ्या अंतऱ्याला गयाबाई अडकल्या. पुन्हा घेतलं, पुन्हा अडकल्या.

“भाऊ, बाबा मागं पाहिजेत,” त्या म्हणाल्या. “आन समोर बी कुणीतरी पाहिजे. भिंतीला काय सवाल टाकू?”

बाबांना परत मागे बसवलं. समोर दुसरं कोण बसणार? सबनीस साहेबांना खुर्ची दिली. गयाबाईंनी त्यांच्याकडे बोट करून असा काही सवाल टाकला की साहेब खुर्चीत मागे सरकले. गाणं मात्र उभं राहिलं. बाबा नाटकातल्या प्रॉम्प्टरसारखे ओळ सांगत असावेत, असं मी समजलो. कुजबुज नंतर कापू म्हटलं.

आणखी एक अडचण होती. प्रत्येक गाण्याच्या शेवटच्या अंतऱ्याला गयाबाईंचा उजवा हात कानाकडे जायचा आणि हातातल्या काचेच्या बांगड्या माइकपाशी किणकिणायच्या.

“बाई, तेवढा हात खाली ठेवा.”

“तवा हात खाली ठेवता येत न्हाई, भाऊ.”

सवय असेल, असं मनाशी म्हणून मी सोडून दिलं. का ठेवता येत नाही, हे विचारायला अर्धं मिनिट लागलं असतं.

नंतर एडिटिंगला बसलो. तेव्हा एडिटिंग म्हणजे खरोखरच कापाकापी. रेकॉर्डिंग स्पूलच्या टेपवर असायचं. नको तो भाग ब्लेडनं तिरका कापायचा आणि उरलेली टोकं चिकटपट्टीनं जोडायची. कॅसेटची एक बाजू तीस मिनिटांची. दोन्ही बाजूंना गाणी चार-चार, आणि दोन्हीकडे दीड-दोन मिनिटं जास्त होत होती. मी मार्ग काढला. प्रत्येक गाण्याचा शेवटचा अंतरा उडवला. वेळही बसली आणि बांगड्याही गेल्या. मधल्या मोकळ्या जागांमधली कुजबुजही काढली. कापलेले तुकडे बिस्किटाच्या डब्यात टाकायची मला माझ्या गुरूंनी सवय लावली होती. त्या सवयीनं पुढे माझी अब्रू राखली.

सबनीस साहेबांनी कव्हरचा फॉर्म भरताना विचारलं, “गीतकार कोण?”

“लिहा, पारंपरिक,” मी म्हणालो. अगदी सहज म्हणालो.

कव्हरं छापून आली. मास्टर टेप न्यायला साहेब यायचे होते, त्यांची पुण्याची गाडी दुपारी चारची होती. त्याच दिवशी सकाळी गयाबाई आणि बाबा ऐकायला आले. बाबांचं नाव लिंबाजी, राहायला पेडगावला, एवढं मला तोवर कळलं होतं. ते धुतलेलं धोतर नेसून आणि खांद्यावर कोरा रुमाल टाकून आले होते. मी चहा मागवला आणि टेप लावली.

लिंबाजीबाबा डोळे मिटून ऐकत होते. प्रत्येक गाणं संपत आलं की जरा पुढे झुकायचे. पुढचं गाणं सुरू झालं की पुन्हा मागे टेकायचे. आठही गाण्यांना तसंच झालं. शेवटी टेप थांबली.

“संपलं?” त्यांनी विचारलं.

“संपलं, बाबा. कसं झालंय?”

“लय साफ आलंय, भाऊ. लय साफ.” त्यांनी चहाची बशी खाली ठेवली आणि उठायला लागले.

गयाबाई जागच्या हलल्या नाहीत. “दत्ताभाऊ, शेवटचे अंतरे कुठायत?”

मी तीस मिनिटांचा हिशोब सांगितला. बांगड्यांचंही सांगितलं.

“त्या अंतऱ्यात नाव हाय, भाऊ.”

“कुणाचं?”

“हे काय, तुमच्यापुढं बसलंय त्यांचं. आठी गाणी ह्यांचीच हायेत. मी कानाला हात लावते ती खाज सुटली म्हणून न्हाई. उस्तादाचं नाव घेताना लावावा लागतो.”

मग त्यांनी तिथंच बसल्या बसल्या, हात कानाला लावून, एक शेवट म्हणून दाखवला.

“पुसाल पाटी तरी अक्षर उरतं,
लिंबाजी सांगे, बोट तेच गिरवतं.”

मी कव्हर हातात घेऊन उभा होतो. त्यावर छापलं होतं, पारंपरिक. आणि ती परंपरा माझ्यासमोर रुमाल झटकत चप्पल शोधत होती. इतकी लाज मला आयुष्यात दुसऱ्या कशाची वाटलेली नाही.

“बाबा, तुम्ही बोलला का नाहीत? त्या दिवशी मी तुम्हाला दाराशी बसवलं तेव्हा तरी?”

“आपलं नाव आपल्या तोंडानं घ्यायचं नसतं, भाऊ. गाणाऱ्यानं घ्यायचं. म्या कुजबुजताना बी तेवढी ओळ सोडून देतो.” थोडं थांबून ते म्हणाले, “वही होती माझी एक. ज्या साली विद्यापीठाच्या नामांतरावरून घरं जळाली त्या साली घरासंगं गेली. तवापासून जे काय हाय ते हिच्या तोंडात हाय.”

गयाबाईंना मात्र राहवेना. “नाव न्हाई त्या गाण्याला कुणीबी आपलं म्हणतंय, भाऊ. हिथं नामांतरासाठी माणसं लाठ्या खायलेत, जेलात जायलेत. आन तुमी बसल्या बसल्या ब्लेडनं नाव काढून टाकलं!”

“जाऊ दे, बाई,” बाबा म्हणाले. “भाऊनं मुद्दाम केलं न्हाई.”

त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

तेवढ्यात सबनीस साहेब आले. मी त्यांना सगळं सांगितलं. ते घड्याळाकडे बघत म्हणाले, “दत्ताजी, कव्हरं छापलीत. मास्टर तयार आहे. आणि नव्या ऐकणाऱ्याला कवीच्या नावाचं काय? तो गाणं ऐकेल.”

गयाबाई त्यांच्याकडे वळल्या. “साहेब, त्या दिशी तुमी समोर बसला व्हता. म्या सवाल टाकला व्हता. जवाब न देता मंच सोडता येत न्हाई आमच्यात.”

“कोणता सवाल?”

“तोच. ज्यानं पाया खणला त्याचं नाव पायरीवर का न्हाई?”

साहेबांनी घड्याळ बाहीखाली सारलं. माणूस तसा भला होता. खुर्ची ओढून बसले आणि म्हणाले, “किती वेळ लागेल?”

बिस्किटाचा डबा टेबलावर पालथा केला. तपकिरी टेपचा नुसता गुंता. मी एकाही तुकड्यावर चिठ्ठी लावलेली नव्हती. कुठलं शेपूट कुठल्या गाण्याचं, कोण सांगणार? एकेक तुकडा हातानं मशीनवरून ओढत गेलो. अर्धा शब्द वाजला की बाबा सांगायचे, “ही ओळ पाटीच्या गाण्याची. ही विहिरीची. थांबा, ही माझ्या आईवर हाय, ती दुसऱ्या बाजूला.” साहेब चिकटपट्टीचे तुकडे कापून देत होते. आम्ही कुणी जेवलो नाही.

आठही नावं जागेवर गेली, आणि वेळ पुन्हा जास्त झाली. दोन्ही बाजूंचं एकेक गाणं काढावं लागणार होतं. मी गयाबाईंकडे बघितलं. त्यांनी क्षणभरही विचार न करता विहिरीचं आणि आणखी एक काढायला सांगितलं. विहिरीच्या गाण्याला तर मंचावर लोक उठून नाचायचे.

“आगं, ते तर तुझं नावाजलेलं गाणं!” बाबा म्हणाले.

“ते म्या कुठंबी गाईन. उरल्या सहा गाण्यांत तुमचं नाव राहू द्या.”

शेवटी टेबलावर कुजबुजीचेच तुकडे उरले, त्यांतला हातभर लांबीचा एकच स्पष्ट होता. पाटीच्या गाण्यात, शेवटच्या अंतऱ्याच्या आधी बाबांनी केलेली कुजबुज. “पुसाल पाटी... पुसाल पाटी.” एवढीच. मी तो तुकडा चिमटीत धरला.

“बाबा, हा ठेवू?” या वेळी मी विचारलं.

“तो तर बिघाड हाय ना, भाऊ?”

“बिघाड माझा होता.”

त्यांनी मान डोलावली आणि डोळे पुसले. मी तुकडा जागेवर चिकटवला. साडेतीनला मास्टर डब्यात बंद झाला. छापलेली कव्हरं फेकणं शक्य नव्हतं, म्हणून जोडाजोडी चालू असतानाच आमच्याच रस्त्यावरच्या शिक्केवाल्याकडून रबरी शिक्का करून घेतला होता. ‘गीते : लिंबाजी, पेडगाव’. साहेब तो शिक्का घेऊन गाडीत बसले. पुण्यात त्यांनी एकेका कव्हरावर ‘पारंपरिक’च्या वरच तो मारला. काही शिक्के वाकडे उमटले, काहींची शाई पसरली. तरी कॅसेट बऱ्यापैकी खपली. पुण्यामुंबईकडून गयाबाईंना बोलावणी आली. बोलावणाऱ्यांच्या पत्रात “लिंबाजींनाही आणा” असं असायचं, आणि बाबा प्रत्येक पत्र मला दोनदा मोठ्यानं वाचायला लावायचे.

काही वर्षांनी बाबा गेले. महिन्याभरानं त्यांची लेक दुकानात आली. लांब दिलेली होती, शेवटच्या दिवसांत तिला पोचता आलं नव्हतं. ती म्हणाली, “भाऊ, बाबाची गाणी समदीकडं हायेत. बाबाचा आवाज कुठं हाय का?”

मी तीच कॅसेट लावली. पाटीच्या गाण्यात ती जागा आली. “पुसाल पाटी... पुसाल पाटी.” तिनं पदर तोंडाशी धरला. “अजून एकदा लावा,” म्हणाली. मी मागे नेऊन पुन्हा लावली. त्या दुपारी किती वेळा लावली ते मोजलं नाही. दुकानात गिऱ्हाईक येऊन उभं होतं, त्याला थांबायला सांगितलं.

आता नात ती कॅसेट मोबाइलवर चढवून घेत होती. कानात ते छोटे हेडफोन. मध्येच थांबली आणि म्हणाली, “आजोबा, इथं मागे कुणीतरी कुजबुजतंय. एका बटणात निघतं हे.”

मी काही बोलणार, तेवढ्यात तिनं स्वतःच बटणावरचं बोट उचललं आणि माझ्याकडे बघून विचारलं, “कोण आहेत हे?”

पोरगी माझ्यापेक्षा चांगली रेकॉर्डिस्ट होईल. तिच्या वयाला मला हे विचारायचं सुचलं नव्हतं.