रक्तात दिसलेली भूक

दुष्काळात हर्सूलच्या आमच्या गोठ्यावर जनावरांचे एक डॉक्टर यायचे. सुई टोचण्याआधी गाईला म्हणायचे, "माय, जरासंच दुखंल."

आमची संकरित गाय दोनदा भरवूनही गाभण राहिली नाही, म्हणून मी ती विकायला काढली. ते म्हणाले, "आधी रक्त तपासू. पोट भरलेलं दिसतंय, पण अंग उपाशी असंल."

रक्तात फॉस्फरस फार कमी निघाला; त्यामुळंच ती गाभण राहत नव्हती. भर उन्हात स्कूटरवरून ते स्वतः खाद्यात मिसळायचं क्षारमिश्रण घेऊन आले.

"फोन करायचा ना डॉक्टर," मी म्हणालो.

"फोनवर तुम्ही व्हय म्हणाल अन् गाय विकाल."

माझी मान खाली गेली. गाय न्यायला आलेला व्यापारी दारातच उभा होता. मी त्याला परत पाठवलं.

पुढं गाय गाभण राहिली, तेही त्यांनीच तपासून सांगितलं. त्या व्यापाऱ्याचा विषय मात्र त्यांनी कधीच काढला नाही.