अर्ध्या दिवसाच्या बायकांची रजा

माधवनगरच्या एका गिरणीत हजेरीचा कारकून असताना मी एका दुपारी अकरा बायकांना कामावरून काढून टाकलं. मला तसा अधिकार नव्हता, आणि तसा विचारही नव्हता. उलट आज आपल्या हातून काहीतरी पुण्य घडलं, अशा समजुतीत त्या दिवशी मी खानावळीत भात दोनदा मागून घेतला.

झालं होतं ते असं. कारखान्यांचा नवा कायदा आला होता. वर्ष भरलेल्या मजुराला भरपगारी सुट्टी द्यायची, वीस दिवस कामामागे एक दिवस. दिवसभर राबणाऱ्यांचा हिशेब सरळ होता. अडत होतं ते कांडी खात्यात. तिथं मागासाठी सुताच्या कांड्या भरणाऱ्या अकरा बायका फक्त सकाळी यायच्या आणि दुपारी घरच्या रानात, गोठ्यात जायच्या. यांना सुट्टी किती? मॅनेजरसाहेबांनी इंग्रजी कागद माझ्यापुढं सरकवला आणि म्हणाले, "हिशेब काढा, मराठीत लिहून फाटकावर लावा. आणि बोंबाबोंब नको."

मी साताऱ्याचा. शाळेत मला शुद्धलेखनाचं बक्षीस मिळालं होतं. त्या बक्षिसानं माझं जेवढं नुकसान केलं तेवढं कुठल्या वैऱ्यानं केलं नसेल. 'सुट्टी' हा शब्द मला पोरकट वाटला. मग मी माझ्या वळणदार अक्षरात लिहिलं : 'कांडी खात्यातील अर्ध्या दिवसाच्या सर्व स्त्रियांना रजा देण्यात आली आहे. तरी कचेरीत येऊन अंगठा करून जावे.' खाली लाल शाईची रेघ ओढली आणि कागद जरा लांब धरून पाहिला. फारच सुरेख दिसत होता.

त्या फाटकावर 'रजा' हा शब्द एकाच कामाला वापरतात, हे मला कुणी सांगितलं नव्हतं आणि मी कुणाला विचारलं नव्हतं. मुकादमानं एखाद्याला हाकललं की लोक म्हणायचे, "त्याला रजा दिली." रजा मिळालेला माणूस परत आत आलेला कुणी बघितला नव्हता. त्यात मी वर अंगठाही मागितला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी कांडी खात्यातल्या अकरा जागा रिकाम्या. खिडकीतून पाहिलं तर अकराही जणी फाटकाबाहेर ओळीनं बसलेल्या. कुणी बोलत नव्हतं. बायका एकत्र बसल्यात आणि बोलत नाहीत, हे पाहूनच मी काय ते ओळखलं. नक्की संप! कुणीतरी यांना फितवलंय. मी धावत मॅनेजरसाहेबांकडं गेलो.

त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं आणि चष्मा काढून माझ्याकडंच बघत राहिले. "काल तुम्ही कागद लावलात. आज ह्या बाहेर. तुमची युनियनवाल्यांकडं ऊठबस वाढलीय का हल्ली?"

म्हणजे मी बायकांवर संशय घेत होतो आणि साहेब माझ्यावर. बायका कुणावर घेत होत्या ते कळायला मी फाटकाकडं निघालो.

ओळीच्या टोकाला पंचेचाळिशीची एक काटक बाई बसली होती. खात्यात सगळ्यात जुनी, म्हणून सगळे तिला मावशी म्हणत. मी जवळ गेलो तशी तिनं दोन्ही हात पदराखाली घेतले. बाकीच्या दहाजणींनीही घेतले. अंगठे लपवले होते, हे माझ्या नंतर ध्यानात आलं.

"मावशी, कामावर का आला नाहीत?"

"काडून टाकून वर इचारतोय का आला न्हाई!" पलीकडची एक म्हणाली.

"कुणी काढलं?"

"तुमीच की. शाळंच्या मास्तरानं वाचून दावलं. अक्षार लय ब्येस हाय म्हनला."

"अहो, रजा म्हणजे चांगलं असतं!" मी म्हणालो. "घरी बसायचं. यायचंच नाही!"

हे बोलायला नको होतं. एकीनं तोंडाला पदर लावला. मी घाईघाईनं आणखी समजावू लागलो, आणि जितकं समजावलं तितक्या त्या मागं सरकत गेल्या. शेवटी फाटकावरचा पहारेकरी मध्ये पडला. हा पाटणकडचा. लढाई संपल्यावर पलटणीतून आलेला.

"आवं कारकून, बाजूला व्हा," तो म्हणाला. "मावशे, ही तसली रजा न्हवं. पलटणीत लिव मिळती बघ, तसलं हाय. मानूस गावाकडं जातो, पगार चालू, जागा त्येचीच. लिव."

"लिव व्हय?" मावशी म्हणाली. तिचा धाकटा दीर पलटणीत होता. "तो येतो तसं? दोन म्हैनं?"

"दोन महिने नाही," मी म्हणालो. "सात दिवस."

तिनं हात पदराबाहेर काढले खरे, पण उठली नाही. मग कळलं की आपलं काम परत मिळालं एवढ्यावर तिचं भागणार नव्हतं. तिची लेक मेढ्याला दिली होती. दुसरं बाळंतपण जवळ आलेलं आणि सासरच्या घरात दुसरी बाई नाही. जायला एक दिवस, यायला एक दिवस. मधे बाराव्या दिवशी बारसं. एवढे दिवस गेलं तर जागेवर दुसरी कुणी बसेल, म्हणून ती महिनाभर गप्प होती.

"सातात बारसं कसं वं बसायचं?" ती म्हणाली. "त्या दिवसभर येनाऱ्या बायकास्नी किती दिलं?"

"चौदा."

"का?"

मला हिशेब समजावून सांगायला आवडतं. समोरचा पळून जाईपर्यंत सांगतो. "मावशी, तुमच्या वर्षाच्या हजेऱ्या दोनशे ऐंशी. पण त्या अर्ध्या. म्हणून झाले एकशे चाळीस दिवस. भागिले वीस, सात."

"बरं. आन् त्या सातातला एक दिस म्हंजी केवढा? समद्या दिसाचा पगार?"

"नाही, नाही. तुमचा दिवस अर्धा, म्हणून मजुरी अर्ध्या दिवसाची. नेहमीचीच."

ती माझ्याकडं बघत राहिली. साहेब बघत होते तशीच, फक्त हिला काढायला चष्मा नव्हता. मग शेजारणीच्या फडक्यातली भाकरी तिनं न विचारता घेतली.

"ही त्यांची," ती म्हणाली आणि मधोमध मोडली. "ही आमची अर्धी. आमी अर्धा दिस येतो, आमाला अर्धी. बराबर?"

"बरोबर."

तिनं ती अर्धी पुन्हा मोडली आणि चतकोर माझ्यापुढं धरला. "मग ह्यो चतकोर कुनी केला? दिस बी निम्मं केलं, आन् दिसाचा पगार बी निम्मा. दोनदा मोडली तुमी."

चूक तिचीच असणार, या खात्रीनं मी मनात सगळा हिशेब उलटा मांडला, सुलटा मांडला. एकतर सात दिवस पूर्ण मजुरीचे, नाहीतर चौदा दिवस अर्ध्या मजुरीचे. मी दोन्हीकडून कात्री लावली होती. भाकरीची धनीण ओरडली, "आगं, माझी न्याहारी मोडली की!" आणि पहारेकरी मिशीतल्या मिशीत हसला.

"चौदाच हवेत का?" मी विचारलं.

"सकाळच्या चौदा पाळ्या. दुपारी तशीबी मी घरलाच आस्ती."

परत मॅनेजरसाहेबांकडं जायला फार जड गेलं. बायका संपावर नाहीत, हे ऐकून ते खूश झाले. सात नव्हे, चौदा दिवस द्यावे लागतील म्हटल्यावर त्यांचा चष्मा पुन्हा उतरला. "काल सात. बाहेर जाऊन आलात की चौदा. चहा प्यायला गेलात तर अठ्ठावीस करून याल. कुणी शिकवलं हे?"

भाकरीनं, असं सांगायचं धाडस माझ्यात नव्हतं. मी कागदावर मांडून दाखवलं. त्यांनी तो कागद बाजूला ठेवला, नवा घेतला आणि स्वतः मांडला. मग तिसरा. मी उभाच. तिसऱ्या कागदावरही चौदाच आले तेव्हा ते एवढंच म्हणाले, "हे आधी का नाही सुचलं?" आणि सही केली.

बाकीच्या दहाजणी कामाला लागल्या आणि मावशीला मी चिठ्ठी लिहून दिली : चौदा दिवस सुट्टी, पंधराव्या दिवशी जागा हिचीच. या खेपेला 'सुट्टी' असंच लिहिलं. ती चिठ्ठी घेऊन ती आधी पहारेकऱ्याकडं गेली, त्यानं वाचल्यावर मास्तराकडं, आणि गाडीत बसायच्या आधी म्हणे स्टेशनवरच्या पानवाल्याकडं. तिघांनीही एकच वाचल्यावर ती सातारा रोडच्या गाडीत चढली.

इकडं मुकादमानं चौथ्याच दिवशी तिच्या जागेवर आपल्या साडूची भाची आणून बसवली. तात्पुरती, म्हणाला. आता मलाही संशयाची सवय लागली होती. मी रोज सकाळी कांडी खात्यात चक्कर मारून "तात्पुरती ना?" असं विचारायला लागलो. तेराव्या दिवशी तो म्हणाला, "भाऊसाहेब, ती तुमची कोन लागती?" चौदाव्या दिवशी भाची गेली.

पंधराव्या दिवशी भोंग्याच्या आधी मावशी दारात उभी. आत यायच्या आधी तिनं मान काढून आपली जागा पाहिली. रिकामी होती. मग आली, बसली, सूत हातात घेतलं. नात झाली होती, बारसं नीट पार पडलं होतं.

मला राहवलं नाही. जवळ जाऊन म्हटलं, "काय मावशी, आता तरी पटलं ना? मी काही तुम्हाला फसवत नव्हतो."

तिनं सुताचं टोक ओलं करून कांडीला लावलं आणि वरसुद्धा न बघता म्हणाली, "तुमी लबाड न्हाई, ते मला तवाच कळलं. लबाड मानसाला हिशेब येतो."